पॉवर, लोड, डिमांड, युनिट : मोटरच्या पाटीवरचे आणि बिलावरचे आकडे

धोटा
आपल्याकडं मागाच्या धंद्यात 'पॉवर' हा शब्द कशालाही चालतो. मोटरची पॉवर किती? एक एचपी. कपॅसिटर का लावला? पॉवर सुधारायला. माग का बंद? पॉवर नाही. बोलताना काही अडत नाही, पण बिल समोर धरलं की अडतं. मोटरच्या पाटीवर ०.७५ किलोवॅट लिहिलेलं असतं. बिलावर मंजूर भार वेगळा, कनेक्टेड लोड वेगळा, कॉन्ट्रॅक्ट डिमांड केव्हीएत, वापर युनिटमध्ये. काही बिलांवर केव्हीएएच म्हणून आणखी एक आकडा असतो, तो युनिटपेक्षा मोठा. १२ साधे माग, प्रत्येकी १ एचपी, दिवसाला दहा तास चालणारे, असं धरून कुणी हे सगळं एकदा उलगडून सांगेल का? कोणत्या आकड्यानं खिसा हलका होतो, तेवढं कळलं तरी बास.

तीन_फेज
सांगतो. आधी दोन आकड्यांची गल्लत मिटवू. किलोवॅट म्हणजे या क्षणी वीज किती वेगानं खर्च होते. युनिट म्हणजे ती एकूण किती खर्च झाली. १ किलोवॅटचा भार एक तास चालला की १ युनिट. दोन किलोवॅटचा गीझर पंधरा मिनिटं चालला की अर्धं युनिट. इंग्रजीत पहिल्याला पॉवर, दुसऱ्याला एनर्जी. बिलावर 'एनर्जी चार्जेस' लिहिलेलं असतं ते युनिटचं, आणि 'डिमांड चार्जेस' किंवा स्थिर आकार असतो तो पॉवरचा. म्हणजे पैसे दोन्हींचे जातात.

आता मोटर. पाटीवरचा एचपी किंवा किलोवॅट हा मोटरच्या शाफ्टवर मिळणारा आकडा आहे, मीटरमधून ओढला जाणारा नाही. बहुतेकांचा हिशेब इथंच चुकतो. १ एचपी म्हणजे ७४६ वॅट शाफ्टवर. मोटरची कार्यक्षमता ७५ टक्के असेल तर पूर्ण भाराला ती ओढणार ७४६ भागिले ०.७५, म्हणजे साधारण ९९५ वॅट. उरलेले अडीचशे वॅट उष्णता होऊन शेडमध्येच पसरतात. उन्हाळ्यात पत्र्याखाली उभं राहिलं की कळतंच.

तुमचे १२ माग घेऊ. शाफ्टवर १२ × ७४६ म्हणजे ८.९५ किलोवॅट. पण माग चालताना मोटर सतत पूर्ण भारावर नसते. सरासरी ६५ टक्के धरा, म्हणजे ५.८ किलोवॅट. अर्ध्या-पाऊण भारावर, त्यात दोनदा रिवाइंड झालेल्या (जळल्यावर पुन्हा तार भरलेल्या) मोटरची कार्यक्षमता ७४ टक्के धरली तर मीटरवर सुमारे ८ किलोवॅट. दहा तास, महिन्याला २६ दिवस, म्हणजे २६० तास. ८ × २६० = २०८० युनिट. दिवे, पंखे, कांडी मशीन वेगळं.

यात ६५ आणि ७४ हे दोन्ही अंदाज आहेत. खरा आकडा हवा असेल तर सगळे माग चालू असताना दोन माणसं उभी करा. एकानं मीटरवरचा किलोवॅटचा डिस्प्ले बघायचा, दुसऱ्यानं क्लॅम्प मीटरनं (तारेभोवती पकडून करंट मोजणाऱ्या) तिन्ही फेजचे अँपिअर लिहायचे.

फळा_खडू
एक दुरुस्ती आधीच करून ठेवतो, कारण पुढं हमखास कुणीतरी लिहिणार: 'किलोवॅट प्रति तास'. तसं काही नसतं. युनिट म्हणजे किलोवॅट गुणिले तास. 'प्रति' म्हटलं की भागाकार होतो. छापील बातम्यांतही ही चूक दर आठवड्याला सापडते.

शाळेच्या पुस्तकातली भाषा चांगली नेमकी आहे. फोर्स म्हणजे बल, वर्क म्हणजे कार्य, एनर्जी म्हणजे ऊर्जा, पॉवर म्हणजे शक्ती, आणि शक्ती म्हणजे कार्य भागिले काळ. गंमत अशी की इंग्रजीतसुद्धा हे शब्द उशिरा वेगळे झाले. 'एनर्जी' हा शब्द आजच्या अर्थाच्या जवळ नेला थॉमस यंगनं, १८०७ साली छापलेल्या व्याख्यानांत. 'पोटेन्शियल एनर्जी' म्हणजे स्थितिज ऊर्जा, हा शब्द रँकिननं १८५३ मध्ये वापरला. हॉर्सपॉवर त्याच्याही आधीचा. जेम्स वॅटला आपलं वाफेचं इंजिन विकताना 'हे किती घोड्यांचं काम करतं' ते सांगायचं होतं. त्यानं मिनिटाला ३३,००० फूट-पौंड हा आकडा धरला, त्यातून ७४५.७ वॅट येतात. आणि 'वॅट' हे एकक त्याच्या नावानं सुचवलं ते सीमेन्सनं, १८८२ मध्ये.

गाड्यांच्या माहितीपत्रकात 'पीएस' लिहिलेलं असतं, तो मेट्रिक घोडा ७३५.५ वॅटचा. पंप-मोटरच्या व्यवहारात मात्र ७४६ धरा.

धोटा
सर, इतिहास गोड आहे, पण ८ किलोवॅट कळलं तरी माझा केव्हीए कुठून आला ते राहिलंच.

तीन_फेज
येतो तिकडंच. मोटरला चुंबकीय क्षेत्र उभं करायला करंट लागतो. तो करंट ताराच तापवतो, काम करत नाही, सेकंदात शंभर वेळा मोटरमध्ये जातो आणि परत येतो. कामाचा करंट आणि हा बिनकामाचा करंट मिळून तारेतून जो एकूण करंट वाहतो, त्याचा हिशेब म्हणजे केव्हीए. किलोवॅट भागिले केव्हीए केलं की पॉवर फॅक्टर.

अर्धवट भारावर चालणाऱ्या छोट्या मोटरींचा पॉवर फॅक्टर वाईट असतो. बिनकामाचा करंट भार कमी झाला तरी तेवढाच राहतो, कामाचा कमी होतो. ०.६५ धरला तर तुमचे ८ किलोवॅट म्हणजे १२.३ केव्हीए. ४१५ व्होल्टला हा करंट १७ अँपिअरच्या आसपास. पॉवर फॅक्टर ०.९७ केला तर ८.२५ केव्हीए आणि साडेअकरा अँपिअर. माग तेवढेच, कापड तेवढंच.

बिलात केव्हीएएच (केव्हीए गुणिले तास) असेल तर ०.६५ ला महिन्याचे २०८० युनिट न दिसता ३२०० दिसतील. पहिल्यांदा बिल उघडून तिथंच बघा: आकारणी केडब्ल्यूएचवर, म्हणजे युनिटवर आहे की केव्हीएएचवर. केडब्ल्यूएचवर असेल तर कमी पॉवर फॅक्टरसाठी वेगळा दंड लावलाय का, तेही बघा.

कांडी
डिमांडचं मी लिहितो, कारण त्याबद्दल एक गैरसमज पक्का बसलाय. लोक म्हणतात, लाईट आल्यावर सगळे माग एकदम टाकले की डिमांड वर जाते. मोटर सुरू होताना सहापट करंट ओढते हे खरं. १ एचपीची मोटर चालताना पावणेदोन अँपिअर घेत असेल तर सुरू होताना साडेदहापर्यंत जाते. पण ते दोन सेकंद. डिमांडचं मीटर क्षणाचा आकडा धरत नाही, अर्ध्या तासाची सरासरी काढतं, काही ठिकाणी पंधरा मिनिटांची. महिन्यातली सगळ्यात मोठी सरासरी ती तुमची मॅक्झिमम डिमांड. पंधरा मिनिटं २० केव्हीए आणि पुढची पंधरा मिनिटं १० केव्हीए चाललं तर नोंद १५ ची.

म्हणजे सगळे माग एकदम टाकू नका हा सल्ला बरोबर, पण कारण वेगळं. १२ मोटरी एकदम म्हणजे सव्वाशे अँपिअर. मेन फ्यूज उडतो, स्टार्टरचे काँटॅक्ट चिकटतात, व्होल्टेज बसतं, आणि बसलेल्या व्होल्टेजवर मोटरी वेग घ्यायला आणखी वेळ लावतात.

डिमांड खरंच वर जाते ती एका वेळी जास्त यंत्रं लांबवर चालवल्यानं. माग चालू, वारपिंग (ताणा भरायचं यंत्र) चालू, बोअरचा पंप चालू, सगळं एका अर्ध्या तासात. पंप सकाळी माग सुरू व्हायच्या आधी चालवून टाकी भरून घ्या, तेवढ्यानं नोंद खाली येते. मंजूर डिमांडच्या (बिलावरच्या कॉन्ट्रॅक्ट डिमांडच्या) वर गेलं तर जादा आकार लागतो. उलट बाजूनं, यंत्रं विकून टाकली आणि कॉन्ट्रॅक्ट डिमांड जुनीच ठेवली तरी न वापरलेल्या पॉवरचे पैसे जात राहतात. वर्षभराची बिलं ओळीनं मांडून सगळ्यात मोठी नोंद बघा, तिच्यावर थोडी सवड ठेवून अर्ज करा.

आणि यंत्रमागवाल्यांनी आणखी एक हिशेब लक्षात ठेवायचा. महावितरणच्या दरपत्रकात यंत्रमागाचे गट २० किलोवॅटला तुटतात. आपण बोलताना २७ एचपी म्हणतो. २७ × ०.७४६ म्हणजे २०.१४ किलोवॅट, रेषेच्या जरा पलीकडं. जोडभाराच्या, म्हणजे कनेक्टेड लोडच्या यादीत जुन्या मोटरी एचपीत, नव्या किलोवॅटमध्ये अशी खिचडी असेल तर सगळं किलोवॅटमध्ये करून बेरीज करा. रेषेच्या काठावर असणाऱ्यांना या बेरजेतल्या अर्ध्या किलोवॅटनं गट बदलतो.

पत्रा_शेड
कपॅसिटर लावला की मीटर हळू फिरतं, म्हणून लावायचा. एवढं लांबण कशाला बे?

तीन_फेज
हळू फिरत नाही, तेच तर सांगायचंय. युनिट मोजणारं मीटर कामाची वीज मोजतं. कपॅसिटर बिनकामाचा करंट जागच्या जागी पुरवतो, कामाची वीज तेवढीच लागते. शेडमधल्या तारांतला तोटा तेवढा कमी होतो. करंट १७ वरून साडेअकरावर आला तर तारांतला तोटा निम्म्याहून खाली येतो, कारण तोटा करंटच्या वर्गावर जातो. पण तारांत मुळात १६० वॅट जात असतील तर वाचणार ९० वॅट, महिन्याला पंचवीसेक युनिट. दोन हजारातले पंचवीस.

फायदा होतो तो केव्हीएएचमध्ये, डिमांडमध्ये आणि दंडात. म्हणून घरच्या सॉकेटमध्ये खोचायचे 'पॉवर सेव्हर' डबे घेऊ नका. आत छोटा कपॅसिटर आणि एक हिरवा दिवा असतो. घरगुती बिल युनिटवर, त्यात त्याचा काही उपयोग नाही. दिवा मात्र वीज खातो.

कांडी
कपॅसिटरचं माप कसं काढायचं तेही लिहा की अण्णा, नाहीतर दुकानदार सांगेल तेवढे केव्हीएआर (कपॅसिटर किती बिनकामाची वीज पुरवतो त्याचं माप) लोक उचलून आणतात.

तीन_फेज
लिहितो, थोडं लांबेल.

सूत्र सोपं आहे: केव्हीएआर म्हणजे किलोवॅट गुणिले आताच्या आणि हव्या त्या पॉवर फॅक्टरच्या टॅनमधला फरक. टॅन बघायला तक्ता लागतो, नेहमीचे आकडे इथंच देतो. पॉवर फॅक्टर ०.६५ ला १.१७, ०.७० ला १.०२, ०.७५ ला ०.८८, ०.९५ ला ०.३३, ०.९७ ला ०.२५. तुमचे ८ किलोवॅट ०.६५ वरून ०.९७ वर न्यायचे तर ८ × (१.१७ − ०.२५) म्हणजे साधारण ७.४ केव्हीएआर.

आता बाजारात मिळणारा कपॅसिटर ४४० व्होल्टचा असतो. पाटीवरचे केव्हीएआर ४४० ला मिळतात, आणि व्होल्टेज कमी झालं की वर्गानं घटतात. ४१५ ला पाटीच्या ८९ टक्केच मिळतात. म्हणजे ७.४ हवे असतील तर ७.४ भागिले ०.८९, साधारण ८.३ चे कपॅसिटर घ्यावे लागतात. संध्याकाळी व्होल्टेज ३६० ला उतरत असेल तर त्याच कपॅसिटरचे ६७ टक्केच हातात येतात. बिल बघून लोक म्हणतात कपॅसिटर खराब निघाला. तो खराब नसतो, व्होल्टेज बसलेलं असतं.

८.३ चा एकच डबा मेनवर टांगू नका. सकाळी चार माग चालू असतात, दुपारी बारा. कमी मागांवर पूर्ण कपॅसिटर राहिला की पॉवर फॅक्टर लीडिंग होतो, म्हणजे बिनकामाचा करंट उलट्या बाजूनं वाहू लागतो. केव्हीएएचच्या हिशेबात तोही मोजला जाऊ शकतो. रात्री माग बंद आणि कपॅसिटर चालू, ही सोलापुरातल्या शेडमधली सर्वात सर्रास दिसणारी चूक आहे. दोन वाटा आहेत. एक तर प्रत्येक मोटरच्या स्टार्टरनंतर छोटा कपॅसिटर, १ एचपीला अर्धा केव्हीएआर, म्हणजे मोटर बंद की कपॅसिटर बंद. किंवा दोन-दोन केव्हीएआरचे टप्पे आणि ऑटोमॅटिक पॅनेल. बारा मोटरींवर अर्धा-अर्धा म्हणजे ६ होतात, उरलेल्या दोनाचा टप्पा मेनवर ठेवा आणि तो मागांबरोबर बंद होईल असा जोडा.

मोटरला थेट जोडताना अर्ध्याचा एक करू नका. मोटर बंद केल्यावर ती फिरत असेपर्यंत मोठा कपॅसिटर तिला जनित्र बनवतो, टर्मिनलवर व्होल्टेज चढतं आणि वाइंडिंगचं इन्सुलेशन जातं. आणि ओव्हरलोड रिले (करंट वाढला की मोटर बंद करणारा) कपॅसिटरच्या आधी असेल तर आता रिलेमधून जाणारा करंट कमी झालेला असतो. रिलेचं सेटिंग त्या हिशेबानं खाली घ्या, नाहीतर मोटर जळेपर्यंत रिले गप्प बसेल.

कपॅसिटर जिवंत आहे का ते क्लॅम्प मीटरनं कळतं. २ केव्हीएआर ४४० व्होल्टचा थ्री फेज कपॅसिटर ४१५ ला साधारण अडीच अँपिअर घ्यायला हवा, तिन्ही तारांत सारखा. दीडच घेत असेल तर तो आतून संपत आलाय. एका तारेत शून्य असेल तर फ्यूज गेलाय किंवा आतला एक भाग तुटलाय. दिवा लागतो म्हणजे कपॅसिटर चालू, असं धरू नका.

लवकर का मरतात? उष्णतेनं. पाटीवर −२५/डी लिहिलं असेल तर भोवतालचं तापमान कमाल ५५ अंश. मे महिन्यात सोलापुरात बाहेर ४४ असताना बंद पॅनेलमध्ये पत्र्याखाली हा आकडा सहज ओलांडला जातो. पॅनेलला खाली-वर जाळी द्या, पत्र्यापासून लांब भिंतीवर लावा, दोन डब्यांत बोटभर अंतर ठेवा. दुसरं कारण, शेडमध्ये व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र) किंवा रॅपियर (बिनधोट्याचे माग) आले की हार्मोनिक्स, म्हणजे करंटची लहर बिघडते. त्यानं कपॅसिटरमधून नेमून दिल्यापेक्षा जास्त करंट वाहतो. तिथं साधा डबा टिकत नाही, सात टक्क्यांचा डिट्यून्ड रिअॅक्टर (कपॅसिटरच्या ओळीत बसवायची कॉइल) जोडावा लागतो.

आणि बंद केल्यावर लगेच हात लावायचा नाही. आत डिस्चार्ज रेझिस्टर असतो, तो तुटलेला असू शकतो. पाच मिनिटं थांबा, मीटरनं व्होल्टेज बघा, मग पाना लावा.

उजनीकाठ
शेतीच्या बाजूनं एक भर. सौर पंपाची जाहिरात '५ एचपी' म्हणते आणि पॅनेल ४८०० वॅटपीकची असतात. शेतकरी विचारतात, ५ एचपी म्हणजे ३७३० वॅट, मग पॅनेल जास्त कशाला? 'पीक' म्हणजे प्रयोगशाळेतलं ऊन: चौरस मीटरला १००० वॅट आणि पॅनेलचं तापमान २५ अंश. आपल्याकडं दुपारी पॅनेल साठ अंशांपर्यंत तापतं, आणि तापलं की त्याची पॉवर घटते. धूळ वेगळी. म्हणून ३ एचपीला ३००० वॅटपीक, साडेसातला ६७५० अशी रचना केलेली असते.

पण पाण्याचा हिशेब एचपीवर करूच नका, हेडवर, म्हणजे पाणी किती उंच चढवायचं त्यावर करा. ५ एचपीचा पंप, एकूण कार्यक्षमता ५० टक्के धरली तर पाण्याला मिळतात साधारण १८६५ वॅट. ५० मीटर हेडला त्यातून सेकंदाला ३.८ लिटर येतं. तेवढ्याच एचपीचा, १०० मीटरसाठी बनवलेला पंप सेकंदाला १.९ लिटरच देईल. करमाळा-माढ्याकडं उजनीच्या पाण्यावर लिफ्ट असणाऱ्याचे ५ एचपी आणि मंगळवेढा-सांगोल्याकडं खोल बोअर असणाऱ्याचे ५ एचपी, पाण्याच्या धारेत जमीन-अस्मानाचा फरक. खोल बोअरला 'जास्त एचपी घ्या' असं सांगतात, पण आधी स्टेज (पंपातले एकावर एक बसवलेले पंखे) बघायच्या. एचपी तीच ठेवून स्टेज जास्त घेतल्या की धार बारीक येते, पण वर चढते. कमी हेडचा पंप खोल बोअरला लावला तर मोटर फिरते, पाणी येत नाही, आणि पंप आतल्या आत पाणी घुसळत गरम होतो.

उलटही बिघडतं. जास्त हेडचा पंप उथळ विहिरीला लावला की धार भरमसाट वाढते, मोटर ओव्हरलोड होते. डिलिव्हरी व्हॉल्व्ह थोडा दाबून करंट पाटीवरच्या आकड्यावर आणा.

फळा_खडू
उजनीचा विषय निघालाय तर मोठ्या आकड्यांचंही एक सांगतो. होटगीजवळच्या फताटेवाडीला एनटीपीसीचे ६६०-६६० मेगावॅटचे दोन संच आहेत, एकूण १३२०. त्याला पाणीही उजनीचंच. '१३२० मेगावॅट वीज रोज तयार होते' असं वाक्य वाचलं की त्याला लाल शाई. मेगावॅटला 'रोज' लागत नाही. दोन्ही संच पूर्ण भारावर चोवीस तास चालले तर ३१,६८० मेगावॅट-अवर, म्हणजे ३ कोटी १६ लाख ८० हजार युनिट तयार होतील. त्यातली काही वीज केंद्राच्याच पंखे-पंपांना लागते, आणि मागणी कमी असली की संच खाली उतरवतात. म्हणून १३२० ही क्षमता आणि युनिट ही निर्मिती.

छतावरच्या सोलरचंही तेच. ३ किलोवॅट ही क्षमता. उन्हाच्या दिवसात किलोवॅटमागं साधारण चार युनिट धरा, तर दिवसाला बारा. पावसाळ्यात त्यापेक्षा कमी.

पेठेतला
एसीचा 'टन' पण पॉवरच की ओ. दीड टन एसीचं वजन दीड टन नसतं.

फळा_खडू
हो, तोही. १ टन म्हणजे ३.५१७ किलोवॅट उष्णता बाहेर काढायचा वेग, चोवीस तासांत एक अमेरिकन टन बर्फ वितळायला लागते तेवढी. दीड टन म्हणजे ५.२८ किलोवॅट उष्णता. ती बाहेर काढायला वीज मात्र दीड किलोवॅटच्या आसपास लागते. चष्म्याची पॉवर त्याहून वेगळी. तिथं डायॉप्टर म्हणजे नाभीय अंतराचा व्यस्त, −२ म्हणजे अर्धा मीटर. त्यात ऊर्जा नाही, वेळही नाही. इंग्रजीनं शब्द तोच ठेवलाय एवढंच. गोळीच्या मिलिग्रॅमला 'पॉवर' म्हणायचं आपण सोडून देऊ, ती तर मात्रा आहे.

आणि खाण्यातली एनर्जीसुद्धा युनिटमध्ये मोजता येते. दिवसाला २००० किलोकॅलरी खाल्ल्या तर सुमारे २.३ युनिट होतात. चोवीस तासांवर वाटलं की ९७ वॅट. म्हणजे माणूस जुन्या शंभरच्या पिवळ्या बल्बाएवढा.

पेठेतला
मग एका शिफ्टला पाच बल्ब उभे असतात म्हणा.

वायंडर
जनरेटरवाल्यांसाठी. १५ केव्हीएचा संच म्हणजे १५ किलोवॅट नाही. जनरेटरच्या पाटीवर पॉवर फॅक्टर ०.८ धरलेला असतो, म्हणजे १२ किलोवॅट. १२ माग त्यावर सहज चालतील, पण एक-एक करून टाका. शेडमध्ये ५ एचपीची एखादी मोटर असेल तर तीच आधी सुरू करा, बाकी सगळं बंद असताना. डायरेक्ट स्टार्टरवर ती ४८ अँपिअरपर्यंत जाते, म्हणजे क्षणभर ३४ केव्हीए, आणि १५ चा संच मान टाकतो. स्टार-डेल्टा स्टार्टर लावला की हे तिसऱ्या हिश्श्यावर येतं. जोरही तिसऱ्या हिश्श्यावर येतो, म्हणून भार सोडूनच सुरू करायची. जनरेटर हलक्या भारावर असताना कपॅसिटर बंद ठेवा, नाहीतर व्होल्टेज चढून दिवे आणि इलेक्ट्रॉनिक कार्ड उडतात.

इन्व्हर्टरचंही तसंच. ९०० व्हीए म्हणजे ७०० वॅटच्या आसपास. बॅटरीवर १५० एएच लिहिलेलं असतं, ते १२ व्होल्टनं गुणा: १८०० वॅट-अवर, कागदावर १.८ युनिट. इन्व्हर्टरचा तोटा आणि बॅटरी तळापर्यंत उतरवायची नाही हे धरून हाती येतं एक युनिटच्या थोडं पुढं-मागं.

धोटा
केव्हीए, केव्हीएआर, डिमांड सगळं डोक्यात बसलं. शेवटचं एक. मोटरी दोनदा रिवाइंड झालेल्या आहेत. नवीन घ्यायच्या तर आयई२ आणि आयई३ (मोटरच्या कार्यक्षमतेचे दर्जे) यांच्या किमतीत फरक आहे. १ एचपीला तो परवडतो का? आणि व्होल्टेज खाली-वर होतं त्याचं काय करायचं?

वायंडर
चार पोलच्या ०.७५ किलोवॅटला आयई२ ची कार्यक्षमता ७९.६ टक्के, आयई३ ची ८२.५. पूर्ण भाराला ९३७ आणि ९०४ वॅट, म्हणजे ३३ वॅटचा फरक. २६० तासांत साडेआठ युनिट महिन्याला, एका मोटरमागं. बारा मोटरींचे शंभर. तुमच्या दरानं गुणा आणि किमतीतल्या फरकाला भागा, किती महिन्यांत फिटतं ते येईल. दोन पाळ्या चालवणाऱ्याला निम्म्या वेळात फिटतं. एक पाळी चालवणाऱ्यानं घाई करू नये, जी मोटर पुढं जळेल तिच्या जागी आयई३ घालावी. रिवाइंड करायला दिली तर एवढं बघा: जुनी वायर काढायला गाभा भट्टीत लालभडक करत असतील तर तिथं देऊ नका. स्टँपिंगमधलं (गाभ्याच्या पत्र्यांमधलं) इन्सुलेशन जळतं आणि मोटर रिकामी चालतानाच जास्त वॅट खाते. तारेचा गेज आणि वेटे मूळ होते तेवढेच घालायला सांगा.

व्होल्टेजचं म्हणाल तर कमी व्होल्टेजपेक्षा असमान व्होल्टेज जास्त मारतं. तीन फेजमध्ये ४००, ४१०, ४२० असेल तर सरासरी ४१०, सर्वात मोठा फरक १०, म्हणजे २.४ टक्के. व्होल्टेजमधल्या फरकाच्या सहा ते दहापट फरक करंटमध्ये येतो. मग एका फेजची वाइंडिंग तापून जळते आणि बाकी दोन कोऱ्या दिसतात. एक टक्क्याच्या वर दिसलं तर आधी स्वतःच्या शेडमधले सिंगल फेजचे दिवे-पंखे तिन्ही फेजवर सारखे वाटलेत का बघा. मग मेन स्विचचे आणि केबलच्या लगचे जोड दाबा, तापून काळा पडलेला जोड बहुतेकदा तिथंच सापडतो. तरी राहिलं तर ट्रान्सफॉर्मरवर, म्हणजे महावितरणकडं लेखी द्या, तिन्ही फेजचे आकडे आणि वेळ लिहून. आणि प्रत्येक मागाला जमत नसेल तरी मेनवर सिंगल फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटरी बंद करणारा) बसवून घ्या.

धोटा
मोटरच्या पाटीवर 'एस१' लिहिलेलं असतं ते काय?

वायंडर
ड्यूटी. एस१ म्हणजे सलग चालवायची. मागाला तीच घ्या. पाटीवर भोवतालचं तापमान ४० की ४५ लिहिलंय तेही बघून घ्या, आणि ४५ वालीच उचला.